भाड्याची शवपेटी : एका अंत्यविधीचा अनुभव आणि त्याचा हिशेब

माझे सासरे २०२४ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत, न्यू जर्सीतील आमच्या घरी वारले. शेवटचे सात आठवडे ते घरीच हॉस्पिसच्या, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या काळात शुश्रूषा करणाऱ्या सेवेच्या, देखरेखीखाली होते, आणि पुढे काय होणार हे आम्हा सर्वांना, त्यांना स्वतःलाही, ठाऊक होते. माणूस जिवंत असताना त्याच्या अंत्यविधीची चौकशी करणे आपल्याकडे अभद्र मानतात. ती चौकशी मी केली, शेजारच्या खोलीत दार लोटून आणि हळू आवाजात केली, आणि त्यामुळेच आमचे जवळजवळ अठराशे डॉलर वाचले. हे परीक्षण त्या चौकशीतून आम्ही निवडलेल्या वस्तूचे, म्हणजे भाड्याने घेतलेल्या शवपेटीचे आहे. ज्या फ्युनरल होमने, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या व्यवसायाने, ती दिली त्याचे नाव मी देत नाही, कारण अशी पेटी इतरही पुष्कळ ठिकाणी मिळते आणि वाचकाला नावापेक्षा काय विचारायचे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण आपल्या लोकांचा शवपेटीवरचा बहुतेक अनावश्यक खर्च त्यातूनच होतो. दहन करायचे असले तरी शवपेटी विकत घ्यावीच लागते, तसा कायदाच आहे, असे मला निदान चार जणांनी सांगितले होते, आणि त्यांपैकी दोघांनी स्वतः तशी पेटी घेतली होती. प्रत्यक्षात अमेरिकेतील कोणत्याही राज्याच्या कायद्यात दहनासाठी शवपेटीची सक्ती नाही. दहनगृहाला फक्त एवढेच हवे असते की देह एखाद्या बंद, ताठ आणि पूर्णपणे जळणाऱ्या पेटीत असावा, आणि ती पेटी जाड पुठ्ठ्याची किंवा साध्या, रंगरोगण न केलेल्या लाकडाची चालते. ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा ‘फ्युनरल रूल’ १९८४ पासून लागू आहे. व्ह्यूइंग, म्हणजे अंत्यदर्शन, किंवा कोणताही विधी न करता थेट दहन करून देणाऱ्या प्रत्येक फ्युनरल होमने अशी साधी पेटी उपलब्ध ठेवली पाहिजे आणि तसे आपल्या दरपत्रकात लिहिले पाहिजे, असे तो नियम सांगतो. दरपत्रकात तिचे नाव ‘ऑल्टरनेटिव्ह कंटेनर’ असे असते. हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत, कारण ते उच्चारल्याबरोबर समोरच्या माणसाच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनुभवले आहे.

मग शवपेटीचा प्रश्न उद्भवतोच का? तो अंत्यदर्शनामुळे उद्भवतो. पुण्यात सासऱ्यांचे थोरले भाऊ वारले तेव्हा देह अंगणात चटईवर होता, लोक येत होते, पाया पडून बाजूला होत होते, आणि चार तासांत तिरडी उचलली गेली. येथे देह फ्युनरल होममध्ये जातो, दर्शनासाठी दोन-तीन तासांचे सभागृह मिळते, आणि त्या सभागृहात देह ठेवण्याची रूढ जागा म्हणजे शवपेटी. आमच्याकडे एडिसन आणि आयसेलिन भागातील शंभराहून अधिक माणसे येणार होती, त्यात सासऱ्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातील वृद्ध मंडळी होती, आणि पुठ्ठ्याच्या पेटीत त्यांचे दर्शन व्हावे हे माझ्या पतींच्या मनाला पटत नव्हते. मलाही पटत नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तीन तासांच्या दर्शनासाठी नीटस पेटी हवी आणि नंतरच्या दहनासाठी ती नको, एवढीच आमची गरज होती.

मी पाच ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणच्या गृहस्थांनी अतिशय मृदू आवाजात सांगितले की किमती फोनवर सांगता येत नाहीत, प्रत्येक कुटुंबाची गरज वेगळी असते, तुम्ही येऊन बसा म्हणजे बोलता येईल. हे नियमाला धरून नाही. फोनवर विचारणाऱ्याला दर सांगणे आणि प्रत्यक्ष येऊन विचारणाऱ्याला छापील दरपत्रक घरी नेण्यासाठी देणे ही त्यांच्यावरची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि दर सांगण्यापूर्वी नाव-पत्ता देण्याची अटही ते घालू शकत नाहीत. दरपत्रक वेबसाइटवर टाकण्याचे बंधन मात्र या नियमात नाही, त्यामुळे फोन केल्यावाचून गत्यंतर नसते. मी वाद घातला नाही, आभार मानून पुढचा क्रमांक लावला. उरलेल्या चारांपैकी तिघांनी त्याच दिवशी दरपत्रक ईमेलने पाठवले.

ती तीन दरपत्रके शेजारी ठेवून पाहिली तेव्हा इतर सेवांच्या दरांत फरक होता, पण तो शे-दोनशे डॉलरचा होता. शवपेट्यांच्या दरांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते. दहनासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लाकडी पेट्या बाराशे डॉलरपासून चार हजारांपर्यंत होत्या. कापड लावलेली दाबीव लाकडाची पेटी सातशेच्या आसपास होती. पर्यायी पुठ्ठ्याची पेटी एकाकडे १७५ डॉलरला, तर दुसऱ्याकडे जवळपास तशीच ३५० डॉलरला होती. भाड्याच्या पेटीचा दर दोघांनी लिहिला होता : एकाचा ८९५ डॉलर, दुसऱ्याचा १,१५० डॉलर. तिसऱ्याच्या दरपत्रकात ती नव्हतीच. मी विचारल्यावर त्या बाईंनी ती मिळेल असे सांगितले, पण ‘आमची कुटुंबे सहसा ती मागत नाहीत’ असेही वर ऐकवले. कागदावर नसलेली वस्तू मागितल्याशिवाय मिळत नाही, हे त्या फोननंतर माझ्या वहीत मी अधोरेखित करून ठेवले.

आम्ही ८९५ डॉलर दर असलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन आलो. तेथील पेट्यांच्या दालनाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण घरात मृत्यू झाल्यावर दुसऱ्या दिवशी, न झोपलेल्या अवस्थेत, त्या दालनात उभे राहण्याची वेळ कोणावर येऊ नये असे मला मनापासून वाटते. नियमानुसार पेट्या दाखवण्यापूर्वी त्यांची दरसूची हातात दिली पाहिजे, आणि येथे ती दिली गेली. तरीही दारातून आत शिरताच समोर दिसतात त्या पॉलिश केलेल्या चेरी आणि महोगनीच्या पेट्या. सौम्य पिवळ्या प्रकाशात त्या फार सुंदर दिसतात, आणि त्यांच्याकडे पाहताना आपले माणूस याहून कमी योग्यतेचे होते का, हा प्रश्न कोणी न विचारताही मनात येतो. सामान्यतः माणसे आपल्याला दाखवलेल्या पहिल्या तीन पेट्यांपैकीच एक, आणि तीही मधल्या किमतीची निवडतात, असे फेडरल ट्रेड कमिशनच्या ग्राहकांसाठीच्या मार्गदर्शनात नमूद केलेले आहे. म्हणून मी दरसूचीच्या तळापासून वर वाचत गेले आणि दालनात नसलेल्या पेट्यांचे फोटो मागितले. स्वस्त पेट्या बहुधा दालनात मांडलेल्या नसतातच. त्या असतात, पण वहीत असतात.

आता भाड्याच्या पेटीविषयी. तिची रचना समजून घेतली की मनातील अर्धी शंका जाते, कारण ‘भाड्याची’ हा शब्द ऐकून माझ्या सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा की आधी ज्यात दुसऱ्या कोणाला ठेवले होते त्याच गादीवर यांना निजवणार का. तसे होत नाही. बाहेरची पेटी लाकडाची आणि कायमची असते, आमची ओकच्या पातळ लाकडी थराची, म्हणजे व्हिनियरची होती, आणि तिच्या आत एक स्वतंत्र पेटी सरकवून बसवलेली असते, जिला ते ‘इन्सर्ट’ म्हणतात. इन्सर्टचा तळ लाकडी फळीचा, बाजू जाड पुठ्ठ्याच्या, आणि आत नवी गादी, उशी व पांढरे कापड लावलेले असते. देह फक्त इन्सर्टला स्पर्श करतो. दर्शन संपले की बाहेरच्या पेटीची पायाकडची बाजू बिजागरीवर खाली पडते, इन्सर्ट जसाच्या तसा बाहेर सरकतो, त्यावर पुठ्ठ्याचे झाकण बसते आणि तोच दहनासाठी जातो. इन्सर्टची किंमत भाड्यात धरलेली आहे की वेगळी, हे आवर्जून विचारावे. आमच्याकडे ती ८९५ डॉलरमध्येच होती, पण १,१५० डॉलरवाल्यांकडे इन्सर्टचे १९० डॉलर निराळे होते, आणि ही गोष्ट दरपत्रकाच्या दुसऱ्या पानावर लहान अक्षरांत होती.

पेटी दिसायला चांगली होती. लाकडाचा रंग मधासारखा, कडा गोलसर, हातपकडीच्या दांड्या घट्ट. जवळून पाहिल्यावर एका कोपऱ्यावर नखाएवढा ओरखडा दिसला, जो फुलांच्या हाराखाली झाकला गेला. आलेल्या शंभर माणसांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही की ती भाड्याची आहे, आणि नंतर ज्यांना मी सांगितले त्यांना आश्चर्य वाटले. आतील कापड मात्र पॉलिएस्टरचे आणि जरा चकचकीत होते. आम्ही त्यावर सासऱ्यांचे घरचे सुती पांघरूण अंथरावे असे ठरवले, आणि फ्युनरल होमच्या माणसांनी ते काळजीपूर्वक, चारही बाजूंनी खोचून दिले.

या पेटीचा खरा दोष झाकणात आहे, आणि तो आपल्या लोकांना विशेष जाणवेल असा आहे. अमेरिकेतील बहुतेक शवपेट्यांचे झाकण दोन तुकड्यांत असते. दर्शनाच्या वेळी डोक्याकडचा अर्धा भाग उघडतात आणि कमरेखालचा भाग बंदच ठेवतात. येथील रिवाजात चेहरा दिसला की पुरते. आपल्याकडे मात्र माणूस देहाजवळ येतो तो आधी पायांकडे. नातवंडांनी आजोबांच्या पायांवर डोके ठेवायचे, फिरण्याच्या गटातील सोबत्यांनी वाकून नमस्कार करायचा, आणि तेथे लाकडी झाकण बंद, हे मला दालनात उभी असतानाच खटकले. मी विचारले तेव्हा कळले की खालचे झाकणही उघडता येते, फक्त त्या बाजूला आत गादी आणि कापडाची सजावट केलेली नसते, कारण ती कोणी पाहणार नाही असे गृहीत धरलेले असते. आम्ही दोन्ही झाकणे उघडी ठेवायला सांगितली, आणि उघडी पडणारी बाजू सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतराने व त्यांना निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या शालीने झाकली. त्यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत. ही गोष्ट आधी विचारली नसती तर त्या दिवशी, माणसे रांगेत उभी असताना, ती सुचली नसती.

एम्बामिंगबद्दलही, म्हणजे देह काही काळ टिकावा म्हणून त्यावर केल्या जाणाऱ्या रासायनिक प्रक्रियेबद्दलही, येथेच सांगते, कारण ते पेटीच्या निर्णयाला जोडलेले आहे. सर्वसामान्य परिस्थितीत कायदा एम्बामिंगची सक्ती करत नाही, पण मोठ्या सार्वजनिक दर्शनासाठी काही फ्युनरल होम स्वतःच्या धोरणानुसार ते मागतात. आमच्या ठिकाणी, देह शीतगृहात ठेवून दुसऱ्याच दिवशी दर्शन घेतल्यास ते नको, असे उत्तर मिळाले. सासऱ्यांना पेसमेकर होता. तो दहनापूर्वी काढावाच लागतो, अन्यथा भट्टीत त्याचा स्फोट होतो, आणि ते काम फ्युनरल होमने केले.

दर्शन झाले, भटजींनी मंत्र म्हटले, तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घातले, आणि मग तो क्षण आला ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती. दहनगृह वीस मिनिटांच्या अंतरावरील एका दफनभूमीच्या आवारात होते आणि तेथे घरच्या माणसांना शेवटपर्यंत थांबता येणार होते. सभागृहात सर्वांनी पाहिली ती ओकची पेटी, आणि दहनगृहात समोर येणार होता तो पुठ्ठ्याच्या झाकणाचा इन्सर्ट. हे आधी सांगितले नसते तर सासूबाईंना आणि नणंदेला तेथे धक्का बसला असता, आणि तो धक्का त्यांच्या मनात कायमचा राहिला असता. म्हणून मी आदल्या रात्री दोघींना शेजारी बसवून सगळे सांगितले. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, ‘म्हणजे तिरडीच की गं. दोन बांबू, कामट्या, त्यावर कडबा. ती तरी कुठे कोणी ठेवून घेतो? देहाबरोबर जायची असते ती.’ मी इतके दिवस दरपत्रके वाचत होते, पण या वस्तूचे इतके नेमके वर्णन मला सुचले नव्हते.

इन्सर्ट बाहेर काढण्याचे काम आमच्यासमोर झाले नाही. आम्ही गाड्यांकडे जाईपर्यंत फ्युनरल होमच्या दोघा माणसांनी ते आतल्या खोलीत केले. दहनगृहात त्यांनी झाकणावर तीच शाल आणि सभागृहातील हार पुन्हा घातले होते, हे आम्ही सांगितले नव्हते तरीही. पतींनी भट्टीचे बटण दाबले. पुठ्ठा दिसत होता तो कडेला, चार बोटे. पेटी म्हणून तिच्या मजबुतीविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही, तळाची फळी वाकली नाही, रुळांवर ती सरळ आत गेली. पेटीत काय ठेवता येईल याची चौकशी मात्र आधी करावी. आम्हाला तांदूळ, तीळ, चंदनाचे तुकडे आणि थोडे तूप चालेल असे सांगितले होते, आणि काचेच्या बाटल्या व धातूच्या वस्तू नकोत असे बजावले होते. गंगाजलाची काचेची कुपी म्हणूनच आम्ही बाहेर ठेवली.

हिशेब असा. त्याच फ्युनरल होममध्ये आम्हाला सुचवलेली दहनाची लाकडी पेटी २,६५० डॉलरची होती. भाड्याची पेटी इन्सर्टसह ८९५ डॉलरला पडली. फरक १,७५५ डॉलरचा. याहून कमी खर्च करायचा असता तर १७५ डॉलरची पुठ्ठ्याची पेटी घेऊन, ती संपूर्णपणे शालीने व फुलांनी झाकून, फक्त घरच्या दहा-बारा माणसांसाठी दर्शन ठेवता आले असते, आणि माझ्या ओळखीतील एका कुटुंबाने अलीकडेच तसे केले. त्यांचा अंत्यविधी मी पाहिला आहे आणि त्यात कोठेही उणेपणा नव्हता. येणारी माणसे थोडी असतील तर मी आज तोच मार्ग सुचवीन. भाड्याची पेटी त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे शंभर माणसे येणार आहेत आणि ज्यांच्या घरातील कोणाचे तरी मन पुठ्ठ्याला तयार होत नाही. ती भावना खोटी नाही, पण तिची किंमत तीन तासांपुरती द्यावी, कायमची देऊ नये.

दफन करणाऱ्या कुटुंबांना भाड्याचा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही, आणि म्हणून माझ्या एका मैत्रिणीचा अनुभव येथे जोडते. ती मूळची नगरकडची, मराठी ख्रिस्ती कुटुंबातील. तिच्या आईचे दफन पेनसिल्व्हेनियात झाले. नॅशनल फ्युनरल डायरेक्टर्स असोसिएशन या व्यावसायिकांच्या संघटनेच्या २०२३ च्या आकड्यांनुसार दर्शन आणि दफन यांसह अंत्यविधीचा मध्यक खर्च, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त पडतो तो, ८,३०० डॉलर होता, आणि त्यातील २,५०० डॉलर एकट्या धातूच्या शवपेटीचे होते. कबरीत पेटीभोवती बसवायचे काँक्रीटचे कवच, म्हणजे व्हॉल्ट, या रकमेत धरलेले नाही. ते कवच कायद्याने नव्हे, तर बहुतेक दफनभूमींच्या स्वतःच्या नियमाने घ्यावे लागते. मैत्रिणीला फ्युनरल होमने दाखवलेली पोलादी पेटी ३,४०० डॉलरची होती. तिने जवळजवळ तशीच पेटी बाहेरच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १,३०० डॉलरला मागवली आणि ती दोन दिवसांत थेट फ्युनरल होममध्ये पोहोचली.

पोलादी पेट्यांची तुलना करताना पत्र्याचे गेज पाहावे लागते, आणि येथे आकडा जितका लहान तितका पत्रा जाड : २० गेज पातळ, १८ त्याहून जाड, १६ सर्वांत जाड. मैत्रिणीने २० गेजची, रबरी गॅस्केट नसलेली पेटी घेतली. झाकणाच्या कडेने बसवलेल्या या गॅस्केटमुळे पेटी हवाबंद होते आणि देहाचे रक्षण होते असे सुचवून तिच्यासाठी शेकडो डॉलर अधिक घेतले जातात. कोणतीही पेटी किंवा व्हॉल्ट देह दीर्घकाळ टिकवून ठेवते असा दावा करण्यास फ्युनरल रूलची मनाई आहे, आणि तसे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेरून आणलेली पेटी फ्युनरल होमला नाकारता येत नाही, तिच्यासाठी हाताळणीचे वेगळे शुल्क लावता येत नाही, आणि पेटी उतरवून घेण्यासाठी घरच्या माणसाने हजर राहावे अशी अटही घालता येत नाही. मैत्रिणीच्या पहिल्या बिलात तरीही ‘पेटी स्वीकारण्याचे’ २५० डॉलर लावलेले होते. तिने फक्त नियमाचे नाव घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सुधारित बिल आले. याहून फसवी गोष्ट पॅकेजची आहे. ‘संपूर्ण अंत्यविधी’ म्हणून एक सवलतीची रक्कम सांगतात, पण ती सवलत त्यांच्याच पेटीला बांधलेली असते, आणि पेटी बाहेरून आणली की बाकी सेवा सुट्या दरांनी, म्हणजे महाग, पडतात. त्यामुळे पेटीची किंमत एकटी न पाहता दोन्ही पद्धतींनी पूर्ण बेरीज लिहून मागावी. मैत्रिणीच्या बाबतीत सगळे धरून तेराशे डॉलर वाचले, पेटीच्या किमतीतील फरक एकवीसशेंचा असूनही.

बाहेरून पेटी घेण्यासाठी आज अनेक ठिकाणे आहेत. ज्या कॉस्टको या घाऊक मालाच्या दुकानातून आपण तांदळाची पोती आणतो त्याच्या वेबसाइटवरही शवपेट्या मिळतात. काही ख्रिस्ती मठ स्वतःच्या सुतारशाळेत लाकडी पेट्या बनवतात, आणि मैत्रिणीला खरे म्हणजे त्यांपैकीच एक हवी होती. अशा पेट्या विकण्याचा हक्कदेखील सहज मिळालेला नाही. लुइझियानातील सेंट जोसेफ ॲबीच्या बेनेडिक्टाइन साधूंनी सायप्रसच्या साध्या पेट्या विकायला सुरुवात केली तेव्हा राज्याच्या मंडळाने, परवानाधारक फ्युनरल डायरेक्टरशिवाय कोणालाही शवपेटी विकता येणार नाही, असे सांगून त्यांना थांबवले. साधू न्यायालयात गेले, आणि २०१३ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शोकात बुडालेल्या कुटुंबाला स्वस्त, साधी पेटी मिळू नये यासाठी एवढा आटापिटा करावा, याची मला आजही चीड येते.

मैत्रिणीची एक चूक मात्र टाळण्यासारखी आहे. तिने पेटीची आतील रुंदी विचारली नाही. तिच्या आईंच्या बाबतीत ते निभावले, पण शरीर भारी असेल तर नेहमीच्या मापाची पेटी पुरत नाही, मोठी पेटी मागवावी लागते आणि तिच्यासाठी व्हॉल्ट व कबरीची जागाही मोठी लागू शकते. हे पेटी आल्यानंतर कळणे फार क्लेशदायक ठरेल.

पैसे आधी भरून ठेवण्याचा प्रस्ताव आम्हालाही दिला गेला होता. सगळे आजच्या दरात बांधून मिळेल, असे त्याचे आकर्षण होते. आम्ही तो स्वीकारला नाही, कारण कुटुंब दुसऱ्या राज्यात गेले किंवा ते फ्युनरल होमच विकले गेले तर पैसे परत मिळण्याच्या अटी किचकट होत्या. त्याऐवजी तेवढी रक्कम पतींना वारस नेमलेल्या वेगळ्या बँक खात्यात ठेवली, आणि दरपत्रक, निवडलेली पेटी, झाकणाबद्दलची सूचना व फ्युनरल होमचा फोन असे सगळे एका कागदावर लिहून काढले. सासरे पहाटे चार वाजता गेले. हॉस्पिसच्या परिचारिकेने नोंद केल्यानंतर मी त्या कागदावरून एकच फोन केला, आणि पेटीविषयी त्या दिवशी घरात कोणाला एक शब्दही बोलावा लागला नाही.

तेराव्यानंतर सासूबाईंनी तो कागद मागून घेतला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडून लिहून घेतले आहे : पेटी भाड्याची, तीच चालेल, दोन्ही झाकणे उघडी, आतले चकचकीत कापड दिसू देऊ नये, त्यावर माझे निळ्या काठाचे सुती पातळ घालावे, शाल यांचीच. तो कागद आता देवघराच्या खणात, पोथीखाली आहे.